पाण्यातली चाकं

त्या साली मोहरम आणि शिमगा लागून आले होते. फाल्गुन लागला आणि आभाळ यायला लागलं. ज्वारी खळ्यावर येऊन पडली होती. दुपार कलली की पश्चिमेकडून काळं वर चढायचं, वारा पडायचा, घाम अंगाला चिकटून राहायचा आणि सगळं गाव मान वर करून बघत राहायचं. खळ्यातल्या कणसांवर गारा पडल्या तर दाणा काळा पडतो. मग वर्षभर तीच काळी भाकरी खावी लागते. म्हणून ज्याला त्याला मळणीची घाई झाली होती.

आमच्या खळ्यावर चार माणसं आणि दोन बैल. आबा बैल हाकायचे, मी कणसं परतायचो. आई आणि माझी बायको कमल बाजूला उडालेली कणसं गोळा करून पुन्हा बैलांच्या पायांखाली टाकायच्या. मधल्या खांबाभोवती फिरून फिरून बैलांचे डोळे लाल झाले होते. ज्वारीची कूस मानेत, कानात, काखेत जाऊन अंग पेटल्यासारखं व्हायचं. पण थांबून खाजवायलाही कुणाला सवड नव्हती.

त्या दिवशी दुपारी माझी थोरली बहीण मनकर्णा खळ्यावर आली. मी तिला अक्का म्हणायचो. तिला दिलेलं गाव आमच्यापासून दोन कोसांवर. डोक्यावर रिकामी दुरडी होती. ठाण्यात नवऱ्याला भाकरी देऊन ती येत होती.

तिचा नवरा मुंजाजी पौषापासून ठाण्याच्या कोठडीत कच्चा कैदी होता. त्याच्या गावात किशनराव म्हणून मोठे कास्तकार होते. त्यांची कडब्याची गंजी एका रात्री जळाली. त्याच्या आठ दिवस आधी बांधावरून त्यांची आणि मुंजाजीची बाचाबाची झाली होती. तेवढ्यावरून मुंजाजीला उचललं. खरं तर गंजी जळाली त्या रात्री तो गावातच नव्हता. पेडगावला बैल बघायला गेला होता आणि तिथल्या सांबप्पा नावाच्या लिंगायत दुकानदाराच्या ओसरीवर झोपला होता. हे सांगू शकणारा माणूस एकच, तो सांबप्पा. आणि सांबप्पा दुकान मोडून कायमचा भालकीकडं, लेकीच्या गावी निघाला होता. केवळ या तारखेसाठी तो थांबला होता. त्यानं अक्काला सांगितलं होतं, "दशमीला जबानी देतो आन् मग गाड्या जुंपतो." त्याची जबानी झाली की मुंजाजी सुटतो, असं वकील म्हणत होता.

दशमी उद्यावर आली होती.

"चंद्रभान, येतूस न्हवं परभनीला?" अक्कानं विचारलं.

मी आबांकडं बघितलं. आबांनी बैल थांबवले नाहीत.

"आभाळ दिसतंय न्हवं तुला?" आबा म्हणाले. "त्यो येऊन काय करनार? जबानी काय ह्यानं द्यायची हाय?"

"तसं न्हाई. सोबतीला कुनी आसलं म्हंजी..."

"सांबप्पा हाय, वकील हाय. आनखी किती सोबत पायजे?"

कमलनं अक्काला पाणी दिलं. ती म्हणाली, "मग मी आत्ताच निघते. बाजाराला बाया चालल्यात त्यांच्यासंगं पिंगळीवरनं जाते. उद्या यायचं म्हनलं तर उशीर हुईल." पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा माझ्याकडं वळून म्हणाली, "त्यायच्या पायाला नारू निगालाय रे. घोटा लय सुजलाय. उभं ऱ्हाता येईना."

"चुना लावा म्हनाव," मी म्हणालो. हातातलं काम काही मी थांबवलं नाही.

आधी दोन तारखा झाल्या होत्या. दोन्ही वेळा जवानानं मुंजाजीला दोरीला धरून पिंगळीच्या टेशनापर्यंत चालवत नेलं होतं आणि तिथून आगगाडीनं परभणीला. पाय सुजलेला माणूस या वेळी टेशनापर्यंत कसा जाईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. माझं डोकं खळ्यात होतं.

दिवस मावळायच्या सुमारास गावची वेस राखणारा येसकर सटवा आला. खळ्याच्या कडेला, आपली सावली कणसांवर पडणार नाही अशा बेतानं उभा राहिला.

"मालक, ठान्यातनं सांगावा आलाय. उद्या तांबडं फुटायला गाडी पायजे. पाळी तुमची हाय."

निजामाच्या राज्यात ही वेठ आम्हाला चुकत नव्हती. सरकारी माणसाला गाडी लागली की गावानं द्यायची. बैल आपले, वैरण आपली, हाकणारा आपला, आणि हातात काही नाही. घरांची पाळी ठरलेली असायची. दिवाळीत आमची पाळी आली तेव्हा एका अंमलदाराचं सामान, त्याची कोंबडी आणि बिछाने घेऊन मी तीन दिवस फिरलो होतो. उजवा बैल लंगडत घरी आला होता आणि पंधरा दिवस जुवाखाली मान देत नव्हता.

आबा सटवाला म्हणाले, "चाकाची धाव ढिली झालीय रे. चाक पान्यात टाकायचं हाय."

सटवानं आमच्या गाडीकडं बघितलं. गाडी खळ्याच्या शेजारीच दोन्ही चाकांवर नीट उभी होती. तो म्हणाला, "बरं मालक. मग फुडच्या पाळीला इचारतो."

सटवा गेला. गाडी कशासाठी, कुणासाठी, असं काही मी त्याला विचारलं नाही. नुसतं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

उन्हानं लाकूड आकसतं, चाकावरची लोखंडी धाव खुळखुळायला लागते. मग चाक काढून दोन दिवस पाण्यात ठेवायचं. लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. हे सगळेच करतात. त्यामुळं चाक पाण्यात आहे म्हटल्यावर कुणाला खोटं म्हणता येत नाही. मी खीळ काढली, आखाखाली दगड रचला, चाक सोडवलं आणि ढकलत तळ्यावर नेलं.

तळ्यात आधीच तीन चाकं होती. पाण्याबाहेर धावांच्या नुसत्या कडा दिसत होत्या. मागून शेजारचा माणिकराव आपलं चाक गडगडवत आला. घामानं डबडबला होता आणि हसत होता.

"तुझी पाळी चुकली की माझी हाय, भाड्या," तो म्हणाला. "मला वाटलंच तू इथं आसशील."

"तुझी बी धाव ढिली झाली व्हय?"

"माझ्या आज्ज्याच्या काळापासनं ढिली हाय. आजच ध्यानात आलं."

आम्ही दोघं हसलो. त्याचं चाक आत गेलं तेव्हा पाणी माझ्या तोंडावर उडालं.

सकाळी खळ्यावर जायच्या आधी मी तळ्याकडं गेलो, कारण तिकडून ओरडा ऐकू येत होता. मारुतीच्या पाराजवळ वीसेक माणसं जमली होती. आबाही होते. पोलीस पाटील दिनकरराव उपरणं सावरत उभे होते. मध्ये ठाण्याचा जवान, आणि त्याच्यासमोर सटवा.

"क्या रे, गाडी किधर है?"

"साब, चाकं पान्यात हायेत. धाव बसाया टाकलीत."

जवान तळ्याकडं बघत राहिला. आता तिथं सात चाकं होती.

"सब के चाकां एकीच दिन ढीले हो गए?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं बिघडलं. जवानानं कमरेचा पट्टा काढला आणि सटवाच्या पाठीवर ओढला. सटवानं हात वर केले नाहीत. त्यानं फक्त डोक्याचं पागोटं काढून काखेत धरलं, चिखलात पडू नये म्हणून. चार-पाच वेळा पट्टा बसला. कुणाचं चाक कोणतं, पहिली पाळी कुणाची, हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्यानं नाव घेतलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कैदी को क्या पीठ पे लाद के लेजाऊं मैं?" जवान हाफत म्हणाला. "पाँव में नारू है उसके. खडा रहना नै होता. बारा बजे अदालत में पुकारा है."

ठाण्यात कैदी एकच होता.

मी आबांकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ते माझ्याकडं सरकून हळूच म्हणाले, "थांब जरा. जवान जाऊ दे."

आबांनी थांब म्हटलं म्हणून मी थांबलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे ते म्हणायच्या आधीच मी थांबलेलो होतो. मी पुढं झालो असतो आणि 'हे माझं चाक, आत्ता घालतो' असं म्हणालो असतो, तर तो पट्टा माझ्या पाठीवर बसला असता. माझ्याबरोबर बाकी सहा घरंही उघडी पडली असती, माणिकरावही उघडा पडला असता. गाव मला काय म्हणालं असतं? एवढाच विचार मी केला. चाक आखावर चढवायला चिलीम ओढून होईल एवढाही वेळ लागत नाही.

पाटील म्हणाले, "साब, फुडच्या गावाला मानूस धाडतो. तवर बसा." त्यांच्या घरून दूध आलं. जवान पारावर बसून दूध प्याला, विडी ओढली. माणसं पांगेनात. मीही उभा राहिलो. पुढच्या गावाहून माणूस परत आला, तिथंही गाडी नव्हती. दिवस कासराभर वर आला तेव्हा जवान शिव्या देत ठाण्याकडं निघून गेला.

तो वळणाआड झाल्यावर मी पाण्यात उतरलो. चाक गाळात रुतलं होतं, हलेना.

"एकट्याला निगायचं न्हाई मालक," मागून सटवा म्हणाला. पागोटं काठावर ठेवून तो पाण्यात आला. पाठीवरचे वळ उठून आले होते, एका ठिकाणी कातडं फुटलं होतं. त्यानं खालून हात घातला. आम्ही दोघांनी जोर लावला आणि चाक सुटलं.

"सटवा, मला ठाऊक न्हवतं रे कुनाला न्यायचंय ते," मी म्हणालो.

"मला बी न्हवतं मालक. काल तुमी इचारलं आसतं तर ठान्यात जाऊन इचारून आलो आसतो." तो हे रागानं म्हणाला नाही. चाक काठावर टेकवून त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "चला, हात लावतो."

आबा आमच्या आधी खळ्यावर जाऊन पोचले होते. मी बैल सोडायला लागलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं बैलांची मुसकी काढून दिली. आभाळ गच्च होतं.

ठाण्याच्या दारात मुंजाजी भिंतीला पाठ लावून बसला होता. दाढी वाढली होती. घोट्यापासून पाय भोपळ्यासारखा झाला होता, कातडं ताणून चकाकत होतं. फुटलेल्या जागेतून नारूचा पांढरा दोरा बाहेर आला होता आणि तो तुरीच्या बारक्या काडीला गुंडाळून ठेवला होता. नारू असा रोज थोडा थोडा गुंडाळत काढावा लागतो. ओढाताण झाली आणि तो आत तुटला, तर पाय सडतो.

मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू कसा काय आलास? खळं चालू आसंल की तुमचं."

"चालू हाय."

"आभाळ बी हाय."

"हाय."

"मग?"

"आलो," मी म्हणालो.

मी आणि जवानानं त्याला उचलून गाडीत ठेवलं. जवानानं त्याच्या एका हातातली बेडी गाडीच्या साटीला, म्हणजे बसायच्या चौकटीला, अडकवली. मग चाकावरून हात फिरवला, ओला हात माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "गीला है." एवढंच म्हणून तो मागं चढून बसला. चाक चढवायच्या वेळी तो तिथं असता तर काय झालं असतं कोण जाणे. आता त्यालाही वेळेत पोचायचं होतं.

गाव मागं पडल्यावर मुंजाजी बोलायला लागला. दोन महिने न बोललेला माणूस.

"जवान सांगत व्हता, समद्या गावानं चाकं दडवली म्हून. म्या म्हनलं, दडवू दे. त्याच्यात माझ्या मेव्हन्याचं चाक नसंल."

मी बैलांकडं बघत राहिलो.

"चाक भिजलंय का रे तुझं? थेंब गळायलेत."

"व्हय."

"वढा लागला आसंल वाटंला."

"व्हय, वढा," मी म्हणालो.

मागून जवान खोकला. मी बैलांना आर टोचली.

पिंगळीचं टेशन दिसायला लागलं तेव्हा आगगाडी सिग्नलाच्या पुढं गेलेली होती. धूर तेवढा खाली येऊन रुळांवर पसरला होता. आम्ही तिघंही त्या धुराकडं बघत राहिलो.

"आता?" मुंजाजी म्हणाला.

"आता गाडीनंच जायचं," मी म्हणालो. "बैल पळतेत."

बैल पळण्यासारखे नव्हते. चार दिवस त्यांनी खळं तुडवलं होतं. तरी मी त्यांना पळवलं. शेपट्या पिळल्या, आर टोचली, तोंडाला येईल ते ओरडलो. डाव्या बैलाच्या तोंडातून फेस माझ्या मांडीवर उडत होता. ओलं चाक जड चालत होतं. एका कोरड्या नाल्याच्या उतारावर मी बैल आवरायला हवे होते. आवरले नाहीत. गाडी दगडावर आदळली, मुंजाजी आडवा झाला आणि पायाजवळची काडी साटीच्या फटीत अडकली.

तो ओरडला नाही. बेडी नसलेल्या हातानं त्यानं साटी धरली आणि खालचा ओठ दातांत घेतला. मी मागं वळून बघितलं. काडी फटीत तशीच होती. तिच्यावर बोटभर पांढरा दोरा लोंबत होता.

"तुटला?"

"तुटला. तू हाक," तो म्हणाला.

परभणीच्या अदालतीत पोचलो तेव्हा चपराशी खोल्यांना कुलपं लावत होता. आवारात लिंबाखाली अक्का बसली होती. तिच्याशेजारी कपाळावर विभूती लावलेला उंच म्हातारा होता. तो सांबप्पा. गाडी बघून तो उठला, पण पुढं आला नाही.

"किती वेळ झाला?" मुंजाजीनं गाडीतूनच विचारलं.

"बाराला पुकारा झाला," सांबप्पा म्हणाला. "तीनदा नाव घेतलं. मी उभा ऱ्हायलो. म्हनलं, सायेब, त्यो माझ्या वसरीवर झोपला हुता, मी सांगतो की. सायेब म्हनले, आरोपी कुठाय? आरोपी म्होरं नसल तर जबानी घेता येत न्हाई." त्यानं हात उडवला. "मी म्हनलं, त्यो नसला तरी खरं ते खरंच हाय न्हवं? चपराशानं मला खाली बसीवलं."

"उद्या?"

"उद्यापासनं मोहरमची सुट्टी. मग सायेब दौऱ्यावर. वकील म्हनतोय, आता वैशाखातली तारीख."

दोन महिने. सांबप्पा गाडीजवळ आला आणि मुंजाजीच्या पायाकडं बघून त्यानं मान फिरवली.

"माझा जावई परवा गाड्या घिऊन यायलाय. दुकानाची जागा मोकळी करून दिली. इथं ऱ्हावं कुठं मी? तारखेचा कागद धाडा. अंगात बळ आसलं तर येतो." त्यानं हात जोडले. "आज मी दिवसभर वाट बगितली गड्या."

उतरताना मुंजाजीनं अक्काला उशीर का झाला ते दोन शब्दांत सांगितलं, मग जवानानं त्याला आधार देऊन सावलीत नेलं. अक्का त्याच्यामागं गेली नाही. ती गाडीजवळ उभी राहिली. उजव्या चाकाच्या आऱ्यांमध्ये तळ्यातलं शेवाळ वाळून चिकटलं होतं. तिनं ते नखानं खरवडून हातावर घेतलं.

"हे म्हनलेत, वढ्यात भिजलं म्हून."

मी बैल सोडायला वळलो.

"आपल्या गावापासनं ठान्यापस्तोर कंचा वढा हाय रे? आन् फाल्गुनात?"

बैल धापा टाकत होते. मी त्यांच्या मानेवरून हात फिरवायला लागलो.

"आबांनी टाकाया सांगितलं का तूच टाकलंस?"

"आबांनी सांगितलं," मी म्हणालो.

अक्कानं माझ्याकडं नीट बघितलं. मग हातावरचं शेवाळ लुगड्याला पुसलं.

"ल्हानपनी बी तू आसंच सांगायचास," ती म्हणाली आणि नवऱ्याकडं निघून गेली.

त्या फाल्गुनात पाऊस पडलाच नाही. आठ दिवसांनी आभाळ फाकलं आणि लख्ख ऊन पडलं. आमची ज्वारी मोत्यासारखी घरात आली. आई भाकरी थापायला बसली की पांढऱ्या पिठाकडं बघून म्हणायची, "देवानं राखली." आबा जेवता जेवता थांबायचे.

वैशाखातल्या तारखेला सांबप्पा आला नाही. वकिलानं भालकीकडं कागद पाठवला होता. जावयाचं उत्तर आलं की सासऱ्यांनी अंथरूण धरलंय, उठवत नाही. किशनरावांच्या दोन गड्यांनी आम्ही डोळ्यानं बघितलं म्हणून सांगितलं. मुंजाजीला दीड वर्षाची सजा झाली. आत तुटलेला नारू पिकला, पाय दोन जागी फुटला आणि शेवटी शिरा आखडल्या. तो सुटून आला तेव्हा त्याची उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती.

त्या दीड वर्षात अक्काचं रान मी केलं. आमचं औत थांबवून तिचं आधी नांगरायचो. पेरणी, कोळपणी, काढणी, सगळं केलं. लोक मला पारावर बसवून घ्यायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "मेव्हना आसावा तर आसा." माणिकरावही म्हणायचा. तो म्हणताना मी त्याच्याकडं बघायचो आणि तो दुसरीकडं बघायचा. सटवा त्या गर्दीत कधी नसायचा.

अक्का रानात भाकरी घेऊन यायची. पूर्वी ती माझ्यासमोर बसायची, मी जेवताना गावचं काहीबाही सांगायची. आता ती बांधावर भाकरी ठेवायची, वर पालथी वाटी घालायची आणि जायची. तिनं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. एकदा मीच म्हणालो, "अक्का, दाजींना मी सांगू का?" ती म्हणाली, "सांगून तुझं वझं उतरंल. त्यायचं काय उतरंल? तुरुंगात त्यायला तेवढंच एक चांगलं आठवायला हाय."

आणि मुंजाजी ते आठवायचाच. सुटून आल्यावर पहिल्या दिवशी, घरात माणसं भेटायला जमली तेव्हा, त्यानं ते सांगितलं. मग लग्नात, बारशाला, बाजारात, कुणी पायाचं विचारलं की सांगायचा. सगळ्या गावानं चाकं पाण्यात टाकली आणि एकटा चंद्रभान आभाळाखाली खळं टाकून आला. आगगाडी चुकली म्हणून त्यानं काय करावं? बैल मरेस्तोवर पळवले बिचाऱ्यानं. नारू तुटला तो माझ्याच हलण्यानं तुटला. प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडायची. मी जवळ असलो की मला उठून जाता यायचं नाही.

पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधी त्याच्या लेकीचं, चतुराचं लग्न झालं. मांडवात दोन्हीकडची माणसं दाटून बसली होती. आहेराची वेळ आली. रीतीप्रमाणं वराकडचा मान आधी असतो. पण मुंजाजी गुलाबी फेटा हातावर घेऊन उठला, लंगडत थेट माझ्यापुढं आला आणि व्याह्यांकडं वळून म्हणाला, "रागावू नका. पैला फेटा ह्याचा. का, ते सांगतो."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. व्याही माना डोलवायला लागले. एक म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवून गेला.

"दाजी, नगं," मी म्हणालो. "व्याह्यांना बांधा. मला नगं."

"आसं कसं नगं?"

"नगं म्हनतो न्हवं."

अक्का आहेराचं ताट घेऊन शेजारी उभी होती. ती ओणवी झाली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "गप बांधून घे. नगं म्हनलास तर का नगं ते सांगावं लागंल."

मी मान खाली घातली. मुंजाजीनं तोल सावरायला एक हात माझ्या खांद्यावर टेकला आणि दुसऱ्या हातानं फेट्याचा पहिला वेढा माझ्या डोक्याभोवती घेतला.